अकाउंटंटची फी किती असावी? छोट्या व्यवसायाने स्वतः मांडायचा हिशेब

‘अकाउंटंट किती घेतात?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही, कारण फी उलाढालीवर ठरत नाही. महिन्याला किती नोंदी होतात, त्यांची कागदपत्रे किती नीट अवस्थेत हातात येतात आणि शेवटी सही करणाऱ्यावर किती जबाबदारी येते, या तीन गोष्टींवर ती ठरते. वर्षाला बारा मोठी बिले करणारा पुरवठादार आणि दिवसाला चाळीस छोटी बिले फाडणारा दुकानदार यांची उलाढाल अगदी सारखी असू शकते. तरी पहिल्याचा वर्षभराचा जमाखर्च दुसऱ्याच्या आठवडाभराच्या कामाएवढाही भरत नाही.

म्हणून फी विचारायला जाण्याआधी आपले काम किती तासांचे आहे हे मालकाने स्वतः काढावे. त्याला जेमतेम अर्धा दिवस लागतो. पुढची पद्धत कुठल्याही देशात आणि कुठल्याही चलनात चालते, कारण तिचे माप तासांचे आहे आणि तासाचा दर तुमच्या भागातल्या पगारावरून काढायचा आहे.

पहिली पायरी: काम थरांत वेगळे करा

‘हिशेब बघा’ एवढ्या दोन शब्दांत पाच वेगवेगळी कामे दडलेली असतात आणि प्रत्येकाचा दर वेगळा असतो. सगळ्यांत खाली रोजच्या नोंदी: खरेदी, विक्री, बँक, रोख. त्यावर जुळवणी: बँकेची शिल्लक पुस्तकाशी, ग्राहकांची येणी बिलांशी, पुरवठादारांची देणी त्यांच्या उताऱ्यांशी ताडून पाहणे. त्यानंतर विक्रीकर, पगारातून कापलेला कर वगैरेंची ठरावीक मुदतीची विवरणपत्रे. मग वर्षअखेर: घसारा (वापराने मालमत्तेची घटणारी किंमत), न मिळालेली बिले, आगाऊ दिलेले खर्च, अखेरचा माल यांच्या नोंदी करून तेरीज (सर्व खात्यांच्या शिल्लकांची यादी), नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि आयकराचे विवरणपत्र. सर्वांत वर सल्ला: कर्ज घ्यावे का, दर वाढवावेत का, नवीन शाखा परवडेल का.

खालच्या दोन थरांना चिकाटी आणि सवय लागते, मोठी पदवी लागत नाही. वरच्या तीन थरांना पात्रता लागते. पात्र माणसाच्या दराने रोजच्या नोंदी करून घेणे हा पैशाचा अपव्यय आहे, आणि नोंदी करणाऱ्याच्या दरात वर्षअखेर उरकून घेणे हा धोका.

लेखापरीक्षण हा याहून वेगळा विषय आहे. अकाउंटंट तुमची पत्रके नुसती तयार करून देतो, त्याला संकलन म्हणतात. त्यात तो कसलीही ग्वाही देत नाही. मर्यादित तपासणीत तो प्रश्न विचारून आणि आकड्यांचे विश्लेषण करून थोडी ग्वाही देतो. पूर्ण लेखापरीक्षणात पुरावे तपासून मत देतो. आंतरराष्ट्रीय मानकांत संकलनासाठी आयएसआरएस ४४१० आणि मर्यादित तपासणीसाठी आयएसआरई २४०० हे स्वतंत्र दस्तऐवज आहेत, तर लेखापरीक्षणासाठी आयएसए ही पूर्ण मालिका आहे. एका पायरीवरून वरच्या पायरीवर गेले की तास कितीतरी वाढतात. त्यामुळे कायदा, बँक किंवा भागीदारीचा करार यांपैकी कोण नेमके काय मागते ते आधी लेखी विचारून घ्या. बँकेला संकलित पत्रके पुरत असताना पूर्ण लेखापरीक्षणाची फी भरण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: मोजणी

मागच्या तीन महिन्यांचे सगळ्या बँकखात्यांचे उतारे समोर घ्या. प्रत्येक महिन्यातल्या ओळी मोजा आणि सरासरी काढा. तुमच्या व्यवसायाला हंगाम असेल तर एक तेजीचा, एक मंदीचा आणि एक मधला महिना निवडा. मग पुढचे आकडे एका कागदावर लिहा:

– महिन्याला बँकेच्या ओळी किती
– खरेदी आणि खर्चाची बिले किती, त्यांपैकी कागदी किती
– विक्रीची बिले किती, ती कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघतात
– बँकखाती, कार्डे आणि ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या सेवा मिळून किती
– पगारावर माणसे किती, रोजंदारीवर किती
– कोणकोणत्या करांची नोंदणी आहे, विवरणपत्र मासिक की तिमाही
– कर्जे, भाडेपट्टे, परकीय चलनातले व्यवहार आहेत का
– मालसाठा ठेवता का आणि त्याची नोंद कशात होते
– शेवटची पूर्ण झालेली बँक जुळवणी कोणत्या महिन्याची आहे

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण अनुभवी अकाउंटंट पहिला प्रश्न हाच विचारतो. तुमचा जमाखर्च किती थकला आहे हे त्या एका तारखेवरून कळते.

तिसरी पायरी: नोंदींचे तास करा

बँकेची ओळ सॉफ्टवेअरमध्ये थेट येत असेल आणि तिच्यावरून व्यवहार ओळखता येत असेल, तर ती योग्य खात्यात टाकायला सुमारे अर्धा मिनिट धरा. खरेदीचे बिल पाहून, कर वेगळा काढून नोंदवायला तीन मिनिटे. विक्रीची बिले सॉफ्टवेअरमधूनच निघत असतील तर तपासणीपुरते प्रत्येकी अर्धा मिनिट. एका खात्याची जुळवणी अर्धा तास. पगारपत्रकाला सुरुवातीचा अर्धा तास आणि त्यावर माणशी आठ मिनिटे. हे कामचलाऊ अंदाज आहेत, त्यांवर डोळे झाकून जाऊ नका. तुमची स्वतःची वीस बिले घ्या आणि घड्याळ लावून एकदा नोंदवून पाहा. तुमच्या बिलांवर दहा-दहा वस्तू आणि तीन-तीन करदर असतील तर तीन मिनिटांची सहा होतील, आणि ते आत्ताच कळलेले बरे.

एक मध्यम उदाहरण मांडू. महिन्याला बँकेच्या १८० ओळी, खरेदीची ६० बिले, विक्रीची ९० बिले, दोन बँकखाती आणि एक ऑनलाइन वसुली सेवा, सहा कर्मचारी.

– बँकेच्या ओळी: १८० × अर्धा मिनिट = ९० मिनिटे
– खरेदीची बिले: ६० × ३ = १८० मिनिटे
– विक्रीची तपासणी: ९० × अर्धा मिनिट = ४५ मिनिटे
– तीन जुळवण्या: ९० मिनिटे
– पगार: ३० + (६ × ८) = ७८ मिनिटे
– शंका विचारणे, फोन, पत्रव्यवहार: ६० मिनिटे

बेरीज ५४३ मिनिटे, म्हणजे नऊ तास. हे काम नोंदी करणाऱ्या कनिष्ठ माणसाचे. यात ज्येष्ठ, म्हणजे पात्र अकाउंटंटने, नजर टाकायला दरमहा पाऊण तास मिळवा. तिमाही करविवरणपत्राला कनिष्ठाचे दोन तास आणि ज्येष्ठाचा अर्धा. वर्षअखेरीला मधल्या पातळीच्या माणसाचे सोळा तास आणि ज्येष्ठाचे चार. वर्षाचा हिशेब असा होतो: कनिष्ठाचे ११६ तास, मधल्याचे १६, ज्येष्ठाचे १५. मधल्याचा दर कनिष्ठाच्या दुप्पट आणि ज्येष्ठाचा चौपट धरला, तर ११६ + ३२ + ६० = २०८ कनिष्ठ-तास, म्हणजे कनिष्ठाच्या दराने मोजलेले तास. तुमच्या कामाचे हे माप. पुढची सगळी बोलणी याच आकड्यावर करायची आहेत.

आता हाच व्यवसाय अव्यवस्थित पद्धतीने चालतो असे धरा. घरचा आणि धंद्याचा खर्च एकाच खात्यातून होतो, बिले पिशवीत भरून येतात, निम्म्या ओळींपुढे काय लिहावे ते मालकालाच आठवत नाही. ओळीला दीड मिनिट, बिलाला पाच मिनिटे, जुळवणीला एक तास, शंकांना तीन तास. महिन्याचे ५४३ मिनिटांचे काम १,०५३ मिनिटांवर जाते. ज्येष्ठाची महिन्याची तपासणी सव्वा तासावर जाते, वर्षअखेर २४ आणि ६ तासांवर. एकूण ३५८ कनिष्ठ-तास होतात. धंदा तोच, माल तोच, नफा तोच आणि फी जवळजवळ पावणेदोन पट. फी कमी करण्याची सर्वांत मोठी जागा ही आहे. घासाघीस करून यातला दहावा हिस्साही सुटत नाही.

चौथी पायरी: तासाचा दर कसा बनतो ते समजून घ्या

पूर्णवेळ माणसाला वर्षाचे ५२ × ४० म्हणजे २,०८० तासांचे पैसे मिळतात. सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण, कार्यालयातली अंतर्गत कामे आणि रिकामा वेळ वजा जाता ग्राहकाच्या नावावर लावता येतील असे तास साधारण १,४५० उरतात. हिशेबनिसांच्या कार्यालयांत एक जुना ठोकताळा आहे: आलेल्या पैशाचा एक तृतीयांश पगारात, एक तृतीयांश जागा, सॉफ्टवेअर, विमा आणि इतर खर्चात, एक तृतीयांश मालकाला. म्हणजे माणसाच्या पगाराच्या तिप्पट रक्कम त्या १,४५० तासांतून उभी राहायला हवी.

आकडेमोड केली तर कनिष्ठाचा तासाचा दर त्याच्या मासिक पगाराच्या सुमारे चाळीसाव्या हिश्श्याएवढा येतो. एकटा काम करणारा, लहान जागेतला अकाउंटंट तिपटीऐवजी दुपटीत किंवा अडीचपटीत भागवू शकतो. त्याच्याकडे हाच दर मासिक पगाराचा साठावा ते अठ्ठेचाळीसावा हिस्सा होतो.

आता तुमच्या भागातल्या नोकरीच्या जाहिराती पाहा. एक-दोन वर्षे अनुभव असलेल्या, हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या माणसाला महिना काय पगार देऊ करतात? तो आकडा घेऊन २०८ ला ४० ने भागा: ५.२. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या व्यवसायाने मध्यम कार्यालयाला वर्षाला अशा माणसाच्या सव्वापाच महिन्यांच्या पगाराएवढी फी द्यावी लागेल, अशी अपेक्षा ठेवावी. एकट्या व्यावसायिकाला साडेतीन ते सव्वाचार महिन्यांच्या पगाराएवढी. अव्यवस्थित जमाखर्च असेल तर मध्यम कार्यालयात जवळजवळ नऊ महिन्यांच्या पगाराएवढी.

हाच ताळा वापरून आणखी एक निर्णय घेता येतो. नोंदींचे काम वाढत जाऊन महिन्याला पन्नास कनिष्ठ-तासांच्या आसपास आले, की स्वतःचा माणूस ठेवण्याचा विचार करा. पगारावर त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी इतर देणी धरली तरी बाहेरच्या पन्नास तासांइतकाच खर्च येतो. स्वस्त, एकट्या व्यावसायिकाशी तुलना करत असाल तर हा आकडा पंच्याहत्तर तासांवर जातो. माणूस ठेवला तरी महिन्याची तपासणी आणि वर्षअखेर बाहेरच ठेवा. नोंदी करणारा आणि त्या तपासणारा एकच असला की चूक सापडत नाही आणि अफरातफरही सापडत नाही.

पाचवी पायरी: फीची पद्धत निवडा

तासावर फी थकलेल्या कामासाठी आणि एखाद्या सुट्या प्रश्नासाठी योग्य. नेहमीच्या कामासाठी ती टाळा, कारण हळू काम करणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि तुम्ही फोन करायला कचरता. ठरावीक मासिक फी बहुतेक छोट्या व्यवसायांना सोयीची; फक्त तिच्यासोबत नोंदींची मर्यादा लिहिलेली हवी. कामागणिक फी, म्हणजे विवरणपत्राला इतके आणि वर्षअखेरीला इतके, ही ज्यांच्या नोंदी घरच्या घरी नीट होतात त्यांना परवडते.

उलाढालीच्या टक्केवारीवर फी मान्य करू नका. तुम्ही दर वाढवले की काम न वाढता फी वाढते आणि मंदीत काम तेवढेच राहून फी कमी होते. मग काम रेंगाळते. ‘वाचवलेल्या कराचा इतका हिस्सा’ ही पद्धत त्याहून वाईट. कर कमी दाखवण्यात ज्याचा वाटा आहे, तो जोखीम तुमच्या नावावर घेत असतो. चौकशी येते तेव्हा सही तुमची असते. आयईएसबीए या आंतरराष्ट्रीय मंडळाची आचारसंहिता लेखापरीक्षणात अशी निकालावर अवलंबून असलेली फी घेऊ देत नाही. अवाजवी कमी फीबद्दलही ती सावध करते: इतक्या पैशांत मानकांप्रमाणे काम करणे कठीण जाईल, अशी फी कामाच्या दर्जाला धोका मानली जाते.

थकलेला जमाखर्च नेहमी वेगळ्या, एकदाच द्यायच्या फीत ठरवा. कागदपत्रे जागेवर असतील तर एकगठ्ठा काम लवकर होते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्याला चालू महिन्याच्या सत्तर-ऐंशी टक्के तास पुरतात. कागदपत्रेच नसतील तर दीडपट-दुप्पट तास सहज जातात, कारण बिले पुरवठादारांकडून पुन्हा मागवावी लागतात. सुरुवातीच्या शिल्लका बसवण्याचे कामही यातच धरा. मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि चालू पुस्तक यांची शिल्लक जुळत नसेल तर त्यावर एक-दोन दिवस जाऊ शकतात.

सहावी पायरी: तिघांकडून एकाच कागदावर दर मागवा

दुसऱ्या पायरीत तयार केलेला कागद तिघांना जसाच्या तसा पाठवा. तोंडी माहिती दिली की प्रत्येक जण वेगळे गृहीत धरतो आणि दरांची तुलना होत नाही. कागदासोबत हे विचारा: प्रत्यक्ष नोंदी कोण करणार आणि तपासणार कोण? महिन्याची पत्रके कितव्या तारखेला मिळणार? सॉफ्टवेअरचे वर्गणीशुल्क फीत धरले आहे का? प्रश्नाला उत्तर किती दिवसांत? कर खात्याची नोटीस आली तर उत्तर फीत की वेगळे? फीवर कर लागतो का? फी दरवर्षी कशी वाढणार?

विवरणपत्रांच्या मुदतीच्या तोंडावर विचारू नका. त्या आठवड्यांत चांगला अकाउंटंट एकतर नाही म्हणतो किंवा जादा दर सांगतो, आणि ज्याच्याकडे तेव्हाही भरपूर वेळ आहे त्याच्याकडे वेळ का आहे ते तपासावे लागते. वर्षाची विवरणपत्रे भरून झाल्यानंतरचे शांत महिने बोलणीसाठी उत्तम.

आलेला दर तुमच्या हिशेबाच्या पंचवीस-तीस टक्के इकडेतिकडे असेल तर तो रास्त. निम्म्याहून कमी असेल तर तीन शक्यता असतात: जुळवणी कामातून वगळली आहे, अननुभवी माणूस तपासणीशिवाय काम करणार आहे, किंवा पहिल्या वर्षी कमी घेऊन नंतर प्रत्येक फोनचे बिल लागणार आहे. ‘दरमहा किती खात्यांची जुळवणी कराल आणि तिचे पत्रक मला द्याल का?’ एवढे विचारा, तिन्हींपैकी काय आहे ते लगेच कळते. दीडपटीहून जास्त दर आला तर बहुधा ते कार्यालय तुमच्यासाठी मोठे आहे. त्यांच्यात दोष नाही. त्यांचा खर्च मोठ्या ग्राहकांच्या मापाचा असतो.

दराइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्यांनी तुम्हाला काय विचारले. कागद वाचून एकही प्रश्न न विचारता आकडा सांगणाऱ्याने काम मोजलेले नाही. ऑनलाइन वसुलीचा उतारा कसा येतो, रोखीची विक्री किती, मालसाठा कधी मोजता, असे विचारणारा थोडा महाग असला तरी घ्यावा.

सातवी पायरी: ठरलेले लिहून घ्या

दोन पानांचे करारपत्र पुरते. त्यात कामांची यादी, कामात नसलेल्या गोष्टींची यादी, नोंदींची मर्यादा, फी आणि ती देण्याची तारीख, तुम्ही कागदपत्रे द्यायची तारीख आणि त्यांनी पत्रके द्यायची तारीख एवढे हवेच. मर्यादेचे कलम असे लिहा: ठरलेल्या संख्येपेक्षा नोंदी सलग तीन महिने पंधरा टक्क्यांहून अधिक वाढल्या, तर दोघांनी बसून फी पुन्हा ठरवायची. एखाद्या तेजीच्या महिन्यावरून भांडण होत नाही आणि खरी वाढ झाली तर अकाउंटंटला फुकट काम करावे लागत नाही.

उशिराच्या दंडाचेही आधीच ठरवा. तुम्ही ठरल्या तारखेला सगळी कागदपत्रे दिली असतील आणि तरी विवरणपत्र उशिरा गेले, तर दंड त्यांनी भरायचा. व्याज मात्र तुम्हीच भरणे न्याय्य, कारण तेवढे दिवस कराचे पैसे तुमच्याकडे होते. ज्यांचे व्याज आणि दंड दोन्ही अकाउंटंटवर ढकलण्याचे धोरण असते, त्यांना चांगला माणूस मिळत नाही.

आठवी पायरी: पहिल्या तीन महिन्यांत काम तपासा

पैसे योग्य जागी जाताहेत की नाही हे हिशेब न शिकलेल्या मालकालाही पाहता येते. दर महिन्याच्या पत्रकांत पुढच्या जागा तपासा.

पहिली बँक. पुस्तकातली शिल्लक आणि उताऱ्यातली शिल्लक यांतला फरक समजावणारे जुळवणी पत्रक मागा. त्यात तीन-चार महिने जुने, न वटलेले आकडे तसेच पडून असतील तर ती जुळवणी कागदोपत्री आहे. बहुतेक वेळा ती एकच नोंद दोनदा झालेली असते.

दुसरी उचंत खाते. ज्या व्यवहारांचा उलगडा होत नाही ते तात्पुरते इथे ठेवतात. महिनाअखेरीला ते शून्य असावे, किंवा प्रत्येक ओळीची शंका तुमच्याकडे लेखी आलेली असावी. उचंत खाते महिन्यागणिक फुगत असेल तर काम पुढे ढकलले जात आहे, आणि वर्षअखेरीला ते सगळे ज्येष्ठाच्या चौपट दराने सोडवावे लागेल.

तिसरी येणेकऱ्यांची यादी, आणि इथे सर्वांत महाग चूक होते. तुम्ही बिल केले तेव्हा विक्री नोंदली गेली. पंधरा दिवसांनी ग्राहकाचे पैसे बँकेत आले आणि नोंदणाऱ्याने ते बिलाशी न जोडता पुन्हा ‘विक्री’ म्हणून टाकले. आता विक्री दुप्पट दिसते, बिल येणे म्हणून पडून राहते आणि कर दोनदा भरला जातो. ज्या ग्राहकाने पैसे दिल्याचे तुम्हाला पक्के ठाऊक आहे त्याचे नाव येण्यांच्या यादीत दिसले, तर त्याच दिवशी विचारा.

चौथी ऑनलाइन वसुली. ग्राहकाने १,००० दिले, सेवेने २० कापले, बँकेत ९८० आले. नोंद १,००० विक्री आणि २० खर्च अशी हवी. ९८० ची विक्री दाखवली तर विक्री कमी नोंदली जाते आणि विक्रीकराच्या विवरणपत्रात तफावत येते. ही तफावत कर खात्याला सेवेकडून मिळणाऱ्या माहितीवरून दिसू शकते.

पाचवी कर्जाचा हप्ता. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात. खर्च फक्त व्याजाचा. पूर्ण हप्ता खर्चात टाकला तर नफा कमी दिसतो आणि ताळेबंदातली कर्जाची शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी जुळत नाही. तुम्ही नवीन कर्जाला अर्ज कराल तेव्हा हेच आधी अडते.

सहावी रोख. रोख शिल्लक कुठल्याही दिवशी उणे असू शकत नाही. तशी दिसली तर एकतर रोखीची विक्री नोंदायची राहिली आहे किंवा मालकाने खिशातून घातलेले पैसे नोंदवलेले नाहीत.

सहांपैकी दोन-तीन ठिकाणी पहिल्या महिन्यात चूक दिसली तर घाबरू नका, नवा माणूस तुमचा धंदा शिकत असतो. तिसऱ्या महिन्यातही त्याच जागी तीच चूक असेल तर तपासणी होत नाही, आणि ज्येष्ठाच्या त्या पाऊण तासाचे पैसे तुम्ही फुकट देत आहात.

फी उतरवणाऱ्या सवयी

धंद्याचे खाते आणि कार्ड पूर्ण वेगळे ठेवा. एवढ्यानेच शंकांचे तास निम्मे होतात. घरखर्चाला दर महिन्याला एकदाच ठरावीक रक्कम काढा. बिल हातात येताच त्याचा फोटो ठरलेल्या एकाच ठिकाणी टाका. पैसे पाठवताना तपशिलाच्या जागी बिल क्रमांक लिहा. महिन्याची कागदपत्रे पाच तारखेच्या आत द्या आणि अकाउंटंटच्या शंकांना दोन दिवसांत उत्तर द्या. उत्तराला महिना लागला की त्याला तोच व्यवहार पुन्हा उघडून पुन्हा समजून घ्यावा लागतो.

पैसे वाचवण्यासाठी स्वतः नोंदी करणार असाल तर आधी एक महिना अकाउंटंटकडून खात्यांची यादी आणि पद्धत समजून घ्या. चुकीची नोंद शोधून दुरुस्त करायला नवीन नोंद करण्याहून जास्त वेळ लागतो. तुम्ही केलेल्या नोंदींपैकी दहात एखादी चुकत असेल तर बचत टिकते. दहात चार चुकत असतील तर काम परत देऊन टाका. मासिक तपासणी आणि जुळवणी यांवर मात्र काटछाट करू नका.

अकाउंटंट बदलताना

फीवरून नाही तर कामावरून बदला, आणि शक्यतो वर्षाची विवरणपत्रे भरून झाल्यावर बदला. मध्येच बदलावे लागले तर ज्या महिन्याअखेरीस करविवरणपत्राचा कालखंड संपतो ती तारीख सीमा म्हणून धरा. त्या तारखेची तेरीज, सर्व खात्यांची जुळवणी पत्रके, येणेकरी-देणेकऱ्यांच्या याद्या, घसाऱ्यासह मालमत्तेची नोंदवही, भरलेल्या विवरणपत्रांच्या प्रती आणि पोचपावत्या, प्रलंबित नोटिसा आणि सॉफ्टवेअरमधल्या माहितीची पूर्ण प्रत एवढे मागून घ्या. नवा अकाउंटंट जुन्याशी बोलण्यासाठी तुमची लेखी परवानगी मागेल. ती द्या, व्यावसायिक आचारसंहितेला धरूनच तो हे करतो.

जुन्याची फी थकली असेल तर ती आधी चुकती करा. थकबाकीपोटी कोणते कागद अडवून ठेवता येतात याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि त्या वादात विवरणपत्राची मुदत थांबत नाही. फीच्या रकमेवर मतभेद असेल तर वाद नसलेला भाग भरून टाका आणि उरलेल्यावर लेखी बोला.

यातली निम्मी अडचण पहिल्याच दिवशी टाळता येते. कर खात्याच्या आणि सॉफ्टवेअरच्या मुख्य प्रवेशाला तुमचाच ईमेल आणि फोन क्रमांक लावा आणि अकाउंटंटला वापरकर्ता म्हणून वेगळा प्रवेश द्या.